‘आम्ही’ कुठे गेलो होतो? : समूहसहलींच्या मराठी प्रवासवर्णनांविषयी

मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात ज्यांची नोंद होत नाही अशा पुस्तकांचा एक मोठा साठा तालुक्या-तालुक्यांच्या वाचनालयांत पडून आहे. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले अधिकारी, डॉक्टर, कंत्राटदार, नोकरीतून मोकळ्या झालेल्या शिक्षिका अशा मंडळींनी पंधरा दिवसांची युरोपची सहल करून आल्यावर लिहिलेली आणि बहुधा स्वखर्चाने छापलेली ही पुस्तके. शंभर-सव्वाशे पाने, मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर आणि त्याच्यापुढे कानटोपी घातलेले लेखक सपत्नीक, मध्ये गुळगुळीत कागदावर रंगीत छायाचित्रे. प्रकाशनाचा कार्यक्रम होतो, प्रती आप्तेष्टांना वाटल्या जातात, एक प्रत वाचनालयाला भेट मिळते. पुढे ती कोणी वाचली की नाही, हे ग्रंथपालालाच ठाऊक.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचनालयांतून अशी पुस्तके मी गेली काही वर्षे मिळतील तशी वाचत आलो आहे. ही माणसे व्यवसायाने लेखक नाहीत आणि त्यांची पुस्तके बाजारातही नाहीत. तेव्हा कोणाचे नाव घेऊन गुणदोष काढणे योग्य होणार नाही. विचार करायचा आहे तो या साऱ्या पुस्तकांच्या सामाईक रीतीचा. जाणकार वाचक असे पुस्तक चाळून खाली ठेवतो आणि म्हणतो, कंपनीबरोबर जाऊन आलेला माणूस काय लिहिणार! या उद्गारामागे एक गृहीतक आहे : खरा प्रवास एकट्याचा, घोळक्याने होते ती नुसती सहल. मला ते मान्य नाही. ही पुस्तके फिकी आहेत हे खरे. पण त्याचा दोष समूहाकडे जात नाही. लेखक समूहाबरोबर गेला आणि लिहिताना त्याने समूहच वगळला, इथे खरी खोट आहे. मराठीत समूहाने केलेल्या प्रवासाचे लेखन एकट्याच्या प्रवासलेखनाहून कितीतरी जुने असल्यामुळे तर ती अधिकच खटकते.

हेटाळणी कोणाची आणि कशासाठी

समूहाने फिरणाऱ्यांची टिंगल आपल्याकडे सुरू झालेली नाही. समूहसहलीच्या धंद्याचा पाया इंग्लंडात टॉमस कुकने घातला. ५ जुलै १८४१ रोजी त्याने दारूबंदी चळवळीतल्या सुमारे पाचशे लोकांना माणशी एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेऊन आणले. १८६३ मध्ये त्याची पहिली सहल स्वित्झर्लंडला गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी इटलीत राहणाऱ्या चार्ल्स लीव्हर या आयरिश कादंबरीकाराने ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात कुकच्या प्रवाशांवर यथेच्छ तोंडसुख घेतले. चाळीस-चाळीस माणसांचा कळप आणि त्याच्या मागेपुढे राखणीच्या कुत्र्यासारखा फिरणारा म्होरक्या, असे चित्र त्याने रंगवले. ते चित्र आजतागायत टिकून आहे. छत्री किंवा झेंडा उंच धरलेल्या टूर मॅनेजरवरचे आपले विनोद त्याच्याच पोटी जन्मले.

या रागाचे कारण उघड होते. तोवर युरोपदर्शन ही खानदानी घराण्यांतल्या तरुणांची मिरास होती. आता कारकून, दुकानदार, शिक्षक आणि मुख्य म्हणजे एकट्यादुकट्या स्त्रियासुद्धा तेच डोंगर पाहू लागल्या. १८६३ च्या त्या पहिल्या सहलीत यॉर्कशरमधली जेमायमा मॉरेल नावाची बाई होती. तिने रोजनिशी ठेवली. त्या मंडळींनी गमतीने स्वतःला ‘ज्युनियर युनायटेड अल्पाइन क्लब’ असे भारदस्त नाव घेतले होते. पहाटे चारला उठणे, खेचरावर बसणे, लांबलचक घेराचे झगे सावरत हिमनदीवर चढणे, दमणे, एकमेकांना हसणे, हे सगळे त्या रोजनिशीत आले. ती छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधल्या बॉम्बहल्ल्याच्या ढिगाऱ्यात ती सापडली आणि १९६३ मध्ये, सहलीच्या शताब्दीला, पुस्तकरूपाने आली. आज स्वित्झर्लंडच्या पर्यटनाचा इतिहास लिहिणाऱ्याला लीव्हरचा उपहास एका वाक्यात सांगता येतो. जेमायमाची रोजनिशी मात्र पानोपान वाचावी लागते. आल्प्सचे वर्णन तर तिच्याहून सरस कवींनी केले आहे. तिची रोजनिशी टिकली, कारण सोबतच्या माणसांसह तो प्रवास कसा घडला हे तिने लिहून ठेवले.

मराठीतला ‘मी’

आता आपल्याकडे वळू. मराठी प्रवासवर्णनाची आपण मानतो ती परंपरा बहुतांशी एका ‘मी’ची आहे. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे तिचे एक भक्कम उगमस्थान. पुढे अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९), पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि अलीकडे मीना प्रभूंनी एकेका देशावर लिहिलेली भरघोस पुस्तके. या लेखकांत परस्परांशी फारसे साम्य नाही. तरी एक गोष्ट सामाईक आहे. प्रत्येकाजवळ जाण्याचे स्वतःचे कारण होते, कुठे किती थांबायचे हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात होते आणि वाटेत भेटणारी माणसे त्यांनी स्वतः शोधली होती. पुलं दूरचित्रवाणीचे शिक्षण घ्यायला लंडनला गेले होते. सोबत सुनीताबाई होत्या, पण पंचेचाळीस आसनांची बस नव्हती.

त्या काळात परदेशी जाणारा मराठी माणूस मुळातच विरळा होता. परकीय चलनावर कडक निर्बंध होते. खिशात आठ डॉलर घेऊन परदेशात उतरलेल्यांच्या कथा त्या पिढीतल्या लोकांनी पुष्कळदा सांगितल्या आहेत. अशा काळात जो जाऊन आला त्याने घरी राहिलेल्यांसाठी पाहावे, अशी वाचकांची अपेक्षा होती. लेखकाचे डोळे हेच वाचकाचे तिकीट. त्यामुळे समीक्षेचा निकषही लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरला : प्रवासी किती बहुश्रुत, त्याची विनोदबुद्धी कशी, तो किती संवेदनशील. त्या पुस्तकांपुरता हा निकष रास्तच होता.

मग परिस्थिती पालटली. १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू झाली, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. त्यांच्या अलीकडे-पलीकडे लहानमोठ्या अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. १९९१ नंतर मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नव्या योजनेने माणशी वर्षाला पंचवीस हजार डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठवण्याची मुभा दिली. पुढे ती मर्यादा बरीच वाढली. चिखलीचे शिक्षक आणि खामगावचे व्यापारी स्वित्झर्लंडला जाऊ लागले ते यानंतर. त्यांच्यातल्या काहींनी घरी येऊन लेखणी हातात घेतली तेव्हा समोर नमुना होता तो ‘अपूर्वाई’चा. प्रवास समूहाचा आणि लेखनाचा साचा एकट्याचा, असा विजोड जुळला. साच्यात न बसणारे सगळे आपोआप गळाले.

काय गळाले

पहिली गळती प्रवासाच्या आरंभालाच दिसते. मी वाचलेल्या बहुतेक पुस्तकांतला प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होतो. बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मलकापूर किंवा शेगाव गाठावे लागते. जलंब–खामगाव हा फाटा कापसाच्या व्यापारासाठी १८७० मध्येच झाला; खामगाव–जालना मार्गाची मागणी मात्र शंभर वर्षांहून जुनी होऊनही मागणीच राहिली आहे. अशा मुलखातला माणूस युंगफ्राउयोखला जातो. १८९६ मध्ये खोदकाम सुरू होऊन १९१२ मध्ये पुरी झालेली ती रेल्वे डोंगराच्या पोटातून त्याला ३४५४ मीटर उंचीवर नेऊन सोडते. पुस्तकात हे सारे आकडे येतात, कारण ते माहितीपत्रकात असतात. पण रेल्वेची वाट पाहत असलेल्या गावाचा माणूस त्या डब्यात बसला आहे, हे कुठे येत नाही. मलकापूरच्या फलाटावरची रात्र एका ओळीत जरी आली असती, तरी डोंगरातल्या त्या बोगद्याला वेगळा अर्थ आला असता.

दुसरी गळती एका क्रियापदात आहे : ‘पाहिले’. कंपनीची कार्यक्रमपत्रिका या बाबतीत काटेकोर असते. कुठे बस नुसती समोरून जाणार, कुठे ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटे उतरून बाहेरूनच बघायचे, कुठे प्रवेशाचे तिकीट सहलीच्या पैशांत धरलेले आणि कुठे ते ‘ऑप्शनल’ म्हणजे वेगळे पैसे मोजून, याचा त्यात स्पष्ट उल्लेख असतो. पुस्तकात मात्र तिन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो. बसच्या काचेतून सरकत गेलेला राजवाडा आणि आत तासभर हिंडून बघितलेले चर्च, दोन्ही ‘पाहिले’. एखाद्या धंदेवाईक पत्रकाने प्रवासवर्णनापेक्षा अधिक सत्य सांगावे, हा साहित्यदृष्ट्या गंभीर प्रकार आहे. ‘आम्हाला तिथे बारा मिनिटे मिळाली’ असे लिहिण्यात कसला कमीपणा? बारा मिनिटांत काय दिसते आणि काय राहून जाते, हा चांगल्या लेखनाचा विषय होऊ शकतो.

उदाहरण ल्युसर्नच्या सिंहाचे घेऊ. खडकात कोरलेला हा मरणासन्न सिंह बहुतेक सहलींच्या वाटेवर असतो. पुस्तकात येते ते असे : शिल्प अतिशय भावपूर्ण आहे, मग फोटो, मग घड्याळे आणि चॉकलेटची दुकाने. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच राजवाड्याचे रक्षण करताना मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचे ते स्मारक, १८२१ मध्ये पुरे झालेले. हे सैनिक पॅरिसमध्ये काय करत होते? तर त्या काळी स्वित्झर्लंड गरीब होते. डोंगराळ शेतीत पोट भरत नसे, म्हणून तिथले तरुण परक्या राजांच्या पलटणींत भाडोत्री शिपाई म्हणून जात. पोटासाठी गाव सोडणाऱ्या तरुणांच्या कहाण्या बुलढाण्याच्या माणसाला कोणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. हा धागा हाती आला असता, तर त्या दगडी सिंहापुढे तो चार ओळी अधिक थांबला असता.

सगळ्यांत मोठी गळती गवताची आहे. स्वित्झर्लंडवरच्या प्रत्येक पुस्तकात हिरव्यागार उतारांवर एक परिच्छेद असतोच. गालिचा, पाचू, चित्रपटातले गाणे, स्वर्ग अशा उपमांची रांग लागते आणि शेवटी ‘आपल्याकडे हे कधी होणार?’ असा सुस्कारा. ते उतार आपोआप तसे राहत नाहीत. गवत कापले जाते, उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांवर नेली जातात. हे थांबले तर थोड्या वर्षांत तिथे झुडपे माजून पुढे रान होते. हे काम तिथले शेतकरी करतात आणि निव्वळ दुधावर त्यांचे भागत नाही. देखणा भूप्रदेश राखणे हेही शेतकऱ्याचे काम आहे असे मानून तिथले सरकार त्यांना थेट पैसे देते. शेतीची ही सार्वजनिक कर्तव्ये सांगणारे कलम १९९६ मध्ये जनमत घेऊन त्यांनी राज्यघटनेत घातले. ज्या गवतापुढे आपण फोटो काढतो ते अशा रीतीने तिथल्या करदात्याने पोसलेले असते.

आता हा फोटो काढणारा कोण आहे? २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदतीचे पॅकेज दिले, त्यांत बुलढाणा होता. सहलीला गेलेल्या शिक्षकाचा किंवा डॉक्टरचा भाऊ बहुधा अजून गावी सोयाबीन आणि कापूस करतो. हा उतार कोण राखतो, त्याला काय मिळते, दूध काय भावाने जाते, हे विचारण्याची लायकी त्या बसमध्ये सर्वाधिक कोणाजवळ असेल तर याच माणसाजवळ. मुंबई-पुण्याच्या नामवंत लेखकाला हा प्रश्न सुचलाच असता असे नाही. पण त्याने तो विचारला नाही, कारण नमुना म्हणून समोर असलेल्या पुस्तकांत तो नव्हता आणि गाइडच्या माहितीतही नव्हता. मला या पुस्तकांचे सर्वांत वाईट वाटते ते इथे. उपमा जुन्या असल्या म्हणून काही बिघडत नाही. लेखकाने आपला गाव घरी ठेवून प्रवास केला, हे नुकसान मोठे आहे.

जुनी वाट

समूहाने केलेला प्रवास कसा लिहावा याचे धडे शोधायला मराठी माणसाला लांब जावे लागत नाही. तेराव्या शतकातले ‘लीळाचरित्र’ हे मराठीतले आद्य गद्य, आणि त्याचा मोठा भाग प्रवासाचा आहे. आपल्या जिल्ह्यातली मेहकर आणि लोणार ही गावे त्यात येतात. चक्रधरस्वामी हिंडतात, त्यांच्याबरोबर भक्तमंडळी असते. कोणत्या देवळात मुक्काम झाला, जेवणाचे काय झाले, कोणी काय विचारले, कोण रुसले, हे बारीकसारीक तपशील म्हाइंभटांनी जिवापाड जपले. तत्त्वज्ञान येते ते या तपशिलांच्या संगतीने. महानुभावांची ‘स्थानपोथी’ तर त्याहून पुढे गेली. स्वामी जिथे जिथे राहिले त्या स्थानांची ही यादी. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, गावापासून कुठे आहे, हे त्यात नोंदवलेले. आज देवळांचे आणि गावांचे अभ्यासक ती पुरावा म्हणून वाचतात. एकाही उपमेशिवाय ती सातशे वर्षे कामी येत आहे.

दुसरा धडा विष्णुभट गोडशांचा. ‘माझा प्रवास’ (१९०७) हे नाव एकवचनी असले तरी वरसईहून १८५७ मध्ये ते निघाले काकांसोबत, आणि का निघाले हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले : घरात कर्ज होते आणि उत्तरेत मोठ्या यज्ञाच्या निमित्ताने दक्षिणा मिळण्याची आशा होती. मिळालेले पैसे, लुटले गेलेले पैसे, जेवणाची अडचण, सोवळ्याची काळजी, सगळे त्यात आहे. झाशीचा वेढा ज्या लेखणीने टिपला त्याच लेखणीने हिशेबही टिपले. म्हणून त्या वर्णनावर विश्वास बसतो.

तिसरा धडा इरावती कर्व्यांच्या ‘वाटचाल’ या लेखाचा. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालताना त्यांनी विठ्ठलभक्तीचे वर्णन तर केलेच. पण एकत्र चालणारी, एकत्र गाणारी ही माणसे जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसतात, हेही पाहिले आणि त्याने मन दुखावले तेही लपवले नाही. ‘आम्ही’ म्हणताना त्यात नेमके कोण कोण येते, हा प्रश्न त्यांनी चालत्या समूहात राहून विचारला. समूहावर लिहिलेल्या मराठी प्रवासलेखनात मला याहून मोलाचा लेख माहीत नाही.

हे तीन नमुने ज्या भाषेत आहेत त्या भाषेतला लेखक दहा-पंधरा दिवस चाळीस माणसांबरोबर राहतो आणि त्यांच्याविषयी ‘आमचा ग्रुप फार छान होता’ एवढे एकच वाक्य लिहितो.

बसमधला समाज

त्या चाळीस माणसांत लिहिण्यासारखे काय असते? पुष्कळ असते. सहलीत रोज आसने बदलण्याचा नियम असतो. आज पुढे बसलेला उद्या मागे. दिंडीत माणसाची जागा परंपरेने ठरते, एस.टी.त जो आधी रुमाल टाकेल त्याची; इथे समता कंपनीच्या नियमाने येते आणि ती मोडू पाहणाऱ्यांवरून रोज सकाळी लहानसे नाट्य घडते. पहिल्या दिवशी ‘आडनाव काय, मूळ गाव कुठले’ या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत मंडळी एकमेकांना जोखत असतात. जेवणाच्या टेबलावर तिसऱ्या दिवसापर्यंत कोण कोणाबरोबर बसणार हे ठरून गेलेले असते. ते कशावरून ठरते? इरावतीबाईंचा प्रश्न इथे जसाच्या तसा लागू पडतो. कोणी तरी लिहायला हवे होते.

जेवणाचीच गोष्ट. स्वित्झर्लंडला जाऊनही यांना वरणभात लागतो, हा ठरलेला विनोद आहे. युंगफ्राउयोखच्या माथ्यावर ‘बॉलीवूड’ नावाचे भारतीय उपाहारगृह निघाले, ते या गरजेपोटीच. पण काशी-रामेश्वरला माणसे नेणाऱ्या जुन्या यात्रा कंपन्यांच्या बसमध्येही भांडी आणि आचारी असत, आणि गोडसे भटजींनाही परमुलखात अन्नाची पंचाईत पडे. प्रवासात आपले अन्न सोबत नेणे ही आपल्याकडची शतकांची रीत आहे. तिला हसायचे की तिच्याविषयी ओशाळायचे, एवढेच दोन मार्ग लेखकांना दिसतात. बॅगेत तीळगुळाच्या वड्या आणि तिखट शेव बांधून देणाऱ्या सुनेविषयी, परक्या हॉटेलात खोलीचे दार लावून केलेल्या त्या न्याहारीविषयी लिहिले, तर ते हास्यास्पद होणार नाही.

तसाच पैसा. युरोपच्या सहलीला माणशी काही लाख रुपये लागतात. ते कुठून आले हे पुस्तकांत क्वचितच कळते. भविष्यनिर्वाह निधीतून, शेताचा तुकडा विकून, की पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिले? मुलाच्या पैशाने जाणाऱ्या आईबापांच्या पाहण्यात एक वेगळा संकोच असतो. चहाच्या कपाची किंमत मनात रुपयांत करून तो न घेण्याचा निर्णय, हा त्या सहलीतला एक खरा प्रसंग असतो. तो पुस्तकात येत नाही, त्याऐवजी ऱ्हाइन धबधबा १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच असल्याचे कळते.

एक अपवाद नोंदवायला हवा. बायकांनी लिहिलेल्या, विशेषतः महिलांच्या खास सहलींवरच्या पुस्तकांत ‘आम्ही’ अधिक जिवंत सापडतो. खोलीतली सोबतीण कोण होती, तिचे गुडघे कसे दुखत, ती नवरा गेल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, रात्री ती काय बोलली, हे तिथे येते. त्या पुस्तकांची भाषा पुष्कळदा साधी, शुद्धलेखन ढिले. तरी अशी दोन-चार पाने वाचली की वाटते, ही बाई खरोखर प्रवासाला गेली होती. रमाबाईंनी अमेरिकेत पाहिले ते तिथले डोंगर-धबधबे कमी आणि बायका कशा जगतात, संस्था कशा चालवतात हे अधिक. त्या पुस्तकाशी या साध्या बायकांचे नाते त्यांच्या नकळत जुळते.

निकष बदलायला हवा

यावर एक रास्त आक्षेप येईल. पंधरा दिवसांत सात-आठ देश पळवणाऱ्या सहलीतून कोणत्याही देशाची खरी ओळख होणे शक्य नाही. मग अशा लेखनाला साहित्य म्हणून काय किंमत? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. त्या देशाची ओळख हवी असेल तर वाचकाने दुसरे पुस्तक घ्यावे. दीर्घ मुक्काम करणाऱ्यांनी ती उत्तम करून दिली आहे. सहलीच्या पुस्तकाचा विषय देश नसतोच. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यातली माणसे पहिल्यांदा समुद्रापार गेली, कशी गेली, काय बघून थक्क झाली, काय बघायचे त्यांनी टाळले आणि परत आल्यावर त्यांना आपले गाव कसे दिसले, हा त्याचा विषय आहे. तो आपल्या सामाजिक इतिहासातला मोठा विषय आहे आणि त्याचा साक्षीदार होण्याची संधी फक्त याच लेखकांना होती.

तेव्हा समीक्षेने अशा पुस्तकाला लेखक किती बहुश्रुत आहे हे विचारण्याऐवजी वेगळे प्रश्न विचारावेत. प्रवास लेखकाच्या दारापासून सुरू होतो की विमानतळापासून? ‘पाहिले’ म्हणजे किती वेळ आणि कुठून? बरोबरच्या माणसांपैकी किती जण वाचकाला ओळखू येतात? गाइडने सांगितलेले आणि लेखकाला स्वतः दिसलेले वेगळे करता येते का? आणि लोणार-मेहकरचा माणूस तिथे उभा असताना त्याला जे दिसले, ते दुसऱ्या कोणालाही दिसले असते का? या प्रश्नांना उतरणारी पाने मला त्या कपाटांत अधूनमधून सापडली आहेत. संपूर्ण पुस्तक अजून सापडायचे आहे.

वाचनालयांना एक विनंती. छापील पुस्तकाबरोबर लेखकाकडे त्या सहलीची कार्यक्रमपत्रिका, खर्चाची वही, घरी केलेल्या निरोपांच्या नोंदी, मागे नावे लिहिलेले समूहाचे छायाचित्र असे काही असेल, तर तेही मागून घ्यावे आणि पुस्तकासोबत जपावे. वहीत लोकांनी मोकळेपणाने लिहिलेले असते. पुस्तक करताना ते काढून टाकतात. आणि लिहू इच्छिणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, पुढच्या उन्हाळ्यात निघाल तेव्हा जाताना एक साधी वही घ्या आणि पहिली नोंद मलकापूरच्या फलाटावर करा. युंगफ्राउची उंची लिहिली नाही तरी चालेल. ती कुठेही मिळते.